सकाळी नळाला पहिली पंधरा मिनिटं वास: दोष टाकीत, जोडणीत की रस्त्यातल्या लाइनीत?

प्रश्न असा आहे: 48 सदनिकांची सोसायटी, महापालिकेचं पाणी रोज सकाळी साडेपाच ते साडेआठ. गेले आठ दिवस सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांच्या पाण्याला गटारासारखा वास येतो, रंग किंचित काळपट असतो, नंतर पाणी स्वच्छ. दोन घरांत मुलांना जुलाब. वॉर्ड ऑफिसात तक्रार दिली तेव्हा फिटर येऊन गेला आणि ‘आमची लाइन ठीक आहे, तुमची टाकी धुऊन घ्या’ असं सांगून गेला. आता टाकी धुवायची की तक्रार वर न्यायची?

टाकी धुवाच, पण आधी नाही. आज टाकी धुतलीत तर उद्या सकाळी तेच पाणी परत तिच्यात पडेल, आणि चार दिवसांनी फिटर पुन्हा तेच वाक्य बोलेल. शिवाय दोष टाकीत असता तर वास दिवसभर आला असता. ‘पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटंच’ हे लक्षण टाकीकडे बोट दाखवत नाही. ते दाखवतं रस्त्यातल्या लाइनीपासून टाकीपर्यंतच्या पाइपाकडे.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास नसतं. व्हॉल्व्हमन चावी फिरवतो तेव्हा एका भागाची लाइन भरते, दुसऱ्याची बंद होते. बंद झालेल्या लाइनीतलं पाणी उतारावरच्या घरांत निघून जातं आणि पाइप रिकामा होतो. पाण्याचा दाब असताना पाइपाला भोक असेल तर पाणी बाहेर येतं; पाइप रिकामा होताना त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर माती असेल तर गढूळ पाणी येतं. बाहेर गटार असेल तर तुमच्याकडे येतंय तसं येतं. पहाटे पाणी सुटलं की रात्रभर पाइपात साचलेला हा घोट सगळ्यांत आधी पुढे ढकलला जातो, आणि त्याच्या मागून चांगलं पाणी येतं. त्यात गल्लीतल्या कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर पाणी चालू असतानाही ओढ लागते. थेट मोटर लावायला बंदी आहे, महापालिका मोटरी जप्तही करते, पण साडेपाचला जप्तीला कोण येणार!

आधी जागा शोधा

त्यासाठी लागतं पाण्यातला क्लोरीन मोजायचं एक ओटी किट, म्हणजे ऑर्थोटोलिडीन. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी रोज वापरतो तेच. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाकायचे, हलवायचं आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. पाच-दहा मिनिटांनी रंग गडद होतो. तो नुसत्या मोकळ्या, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेल्या क्लोरीनचा नव्हे, घाणीशी आधीच जोडला गेलेल्या संयुक्त क्लोरीनचाही असतो, म्हणून उशिरा वाचलेला आकडा फसवा. हे रसायन हाताला लावू नका, तपासलेलं पाणी पिऊ नका, मुलांपासून लांब ठेवा. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट मिळालं तर तेच घ्या, जास्त भरवशाचं असतं.

भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे नळाच्या टोकाला मोकळा क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर असायला हवा. साथीची भीती असेल तेव्हा 0.5. हा उरलेला क्लोरीन वाटेतला पहारेकरी समजा. सांडपाणी मिसळलं की ते त्याला सगळ्यांत आधी खाऊन टाकतं. म्हणून वासापेक्षा क्लोरीनचा आकडा जास्त बोलतो. वास ‘मला येतो, तुम्हाला येत नाही’ असा वादाचा विषय होतो; शून्य हे शून्यच.

सलग दोन सकाळी हे करा. नमुना टाकीतला नको, टाकीत पडणाऱ्या पाण्याचा हवा: तळटाकीचं झाकण उघडून बॉलकॉकच्या (तरंगत्या गोळ्याने बंद होणाऱ्या तोटीच्या) तोंडाशी, किंवा मीटरनंतर लगेच एखादी तोटी असेल तर तिथे. पाणी सुटल्या क्षणी एक, मग 5, 15, 30 मिनिटांनी आणि बंद होण्याआधी एक. प्रत्येक वेळी क्लोरीन, वास आणि काचेच्या ग्लासात दिसणारा रंग लिहून ठेवा. त्याच वेळी डावीकडच्या आणि उजवीकडच्या इमारतीत कुणाला तरी पहिल्या मिनिटाचा आणि पंधराव्या मिनिटाचा नमुना घ्यायला लावा. हे शेजारच्यांचे चार आकडे तुमच्या दहा आकड्यांइतकेच मोलाचे आहेत.

आता वाचन. तुमच्याकडे पहिल्या मिनिटाला शून्य, तिसाव्याला 0.5, आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे पहिल्या मिनिटालाच 0.3 किंवा जास्त: दोष तुमच्याच जोडणीत, फेरूलपासून (मुख्य लाइनीतून तुमची जोडणी निघते तो सांधा) मीटरपर्यंत कुठेतरी. तुमच्यासकट तीन-चार इमारतींत पहिल्या मिनिटाला शून्य: दोष गल्लीतल्या वितरण लाइनीत, किंवा वरच्या बाजूच्या एखाद्या मृत जोडणीत, तिच्याबद्दल पुढे. सगळीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य: प्रश्न जलकुंभाचा किंवा क्लोरीनच्या मात्रेचा, तो वॉर्डातल्या फिटरच्या हातातला नाही. बॉलकॉकच्या तोंडाशी पूर्ण वेळ चांगलं आणि टाकीत मात्र खराब: तेव्हा फिटर खरं बोलला.

गच्चीवरच्या टाकीत संध्याकाळी क्लोरीन शून्य निघाला म्हणून घाबरू नका. उन्हाने तापलेल्या टाकीत तो तसाही उडून जातो. तो आकडा तक्रारीत लिहूच नका, त्याने तुमचीच बाजू पडेल.

इतर काही लक्षणं पटकन सांगतो. ग्लासात दुधाळ दिसणारं पाणी मिनिटभरात तळापासून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा आहे. लालसर-तांबूस रंग आणि वास नाही, तर गंजलेला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप. लाइनीची दुरुस्ती झाल्यावर दिवसभर गढूळ येणं नेहमीचं. लाल, वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या तर त्या बहुतेक वेळा टाकीच्या उघड्या झाकणातून किंवा जाळी नसलेल्या व्हेंटमधून (हवेच्या नळीतून) गेलेल्या कीटकांच्या असतात, त्या सहसा रस्त्यातून येत नाहीत.

तुमच्या जोडणीत दोष असेल तर

इथे एक कडू गोष्ट आहे. बहुतेक महापालिकांत मुख्य लाइनीवरच्या फेरूलपासून पुढचा पाइप ग्राहकाचा मानला जातो. रस्त्याखाली असला तरी. दुरुस्ती परवानाधारक नळ कारागिराकडून, महापालिकेच्या परवानगीने, सोसायटीच्या खर्चाने. फिटर ‘आमची लाइन ठीक आहे’ म्हणतो तेव्हा तो अनेकदा हेच म्हणत असतो, फक्त पूर्ण वाक्य बोलत नाही.

जुन्या भागांत जोडणीचा पाइप रस्त्याच्या कडेच्या गटाराला ओलांडून येतो. कित्येक ठिकाणी गटाराच्या खाली किंवा वर नाही, थेट पोटातून. गटारावरची फरशी उचलून बघा. पाइपाभोवती प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या अडकलेल्या असतात, आणि त्या गाळात पाइप चोवीस तास बुडालेला असतो. जीआय पाइप आधी कुठे सडतो, तर पाण्याची रेषा लागते तिथे आणि आट्यांच्या सांध्यापाशी. आटे पाडताना जस्ताचा थर आणि पाइपाची जाडी दोन्ही गेलेली असतात. पाणी बंद असताना त्या सांध्यावर हात फिरवा, हातमोजा घालून. चिंधी किंवा रबर ट्यूब गुंडाळलेली सापडली तर शोध संपला. काही दिसलं नाही तर पाणी सुटताना गटाराचं पाणी अडवून, ओंजळभर उपसून बघा; दाबाखाली बारीक कारंजं दिसतं.

पाइप बदलायचा तर तुकडा बदलू नका. जुन्या पाइपाला नवा तुकडा जोडला की जुना पुढच्या पावसाळ्यात शेजारी फुटतो. फेरूलपासून मीटरपर्यंत पूर्ण बदला. जीआय घेतलात तर जाड, सी क्लास, ज्यावर लाल पट्टा असतो. निळा पट्टा बी क्लासचा, पिवळा ए क्लासचा, आणि दुकानदार बी क्लास ‘हेवीच आहे’ म्हणून देतो. महापालिकेला चालत असेल तर एमडीपीई (प्लास्टिकचा लवचीक पाइप) जास्त चांगला, कारण तो गुंडाळीत येतो आणि गटाराच्या टप्प्यात एकही सांधा न ठेवता टाकता येतो. पाइप कोणताही असो, गटार शक्यतो वरून ओलांडा, आणि त्या टप्प्याला बाहेरून मोठ्या व्यासाचा केसिंग पाइप घाला, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर पुढे जाईल एवढा. पाण्याची लाइन आणि मलवाहिनी यांत आडवं 3 मीटर अंतर ठेवावं असं अभियांत्रिकी नियमपुस्तिका सांगते. आठ फुटी गल्लीत ते कुठून आणणार? म्हणून केसिंग आणि सांधाविरहित पाइप हाच तिथला खरा उपाय.

आणि जुनी जोडणी फेरूलपाशीच बंद करून घ्या. हे काम कारागीर टाळतो, कारण त्यासाठी मुख्य लाइनीपर्यंत खणावं लागतं. आवाराच्या भिंतीपाशी पाइप कापून टोपी मारली की झालं असं त्याचं मत. ती टोपी दहा वर्षांत सडते आणि उरतं गटारात उघड्या तोंडाचं नळकांडं, चालू लाइनीला जोडलेलं. हीच मृत जोडणी. चाळ पाडून इमारत उभी राहिली तिथे अशा अर्धा इंची दहा-पंधरा जोडण्या एका रांगेत सापडतात. तीन-चार इमारतींना एकदम वास येत असेल तर पहिला संशय यांचा, दुसरा एअर व्हॉल्व्हच्या, म्हणजे लाइनीत हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, चेंबरचा. पावसाचं किंवा गटाराचं पाणी त्या चेंबरमध्ये तुंबलेलं असेल तर लाइन रिकामी होताना एअर व्हॉल्व्ह हवेऐवजी तेच पाणी आत घेतो. झाकण उचलून बघायला दोन मिनिटं लागतात, पण कुणी बघत नाही.

तक्रार कशी लिहायची

‘दूषित पाणी येत आहे, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’ या ओळीवर कनिष्ठ अभियंता काही करू शकत नाही, कारण त्याला कुठे खणायचं ते कळत नाही. खणायला त्याला रस्त्याची परवानगी, जेसीबी आणि एक पाणी नसलेली दुपार लागते. तेवढं तो अंदाजावर मागणार नाही. त्याला असं द्या:

‘ग्राहक क्रमांक अमुक. पाण्याची वेळ 5.30 ते 8.30. अमुक दोन तारखांना पहिल्या मिनिटाला मोकळा क्लोरीन शून्य, पंधराव्या मिनिटाला 0.2, तिसाव्याला 0.5. शेजारच्या अमुक इमारतीत पहिल्या मिनिटाला शून्य, समोरच्या अमुक इमारतीत 0.4. नमुने बॉलकॉकच्या तोंडाशी घेतले. आमच्या फाटकापासून डावीकडे सुमारे 12 मीटरवर जोडण्या गटारातून जातात. दोन घरांत जुलाबाचे तीन रुग्ण.’

रुग्णांची ओळ शेवटी असली तरी सगळ्यांत जड तीच. तक्रारीची एक प्रत पाणीपुरवठ्याबरोबर वॉर्डच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याला द्या. आरोग्य विभागाला जलजन्य आजाराचे रुग्ण मोजावे लागतात, आणि एकाच गल्लीत रुग्ण वाढले की पाण्याचे नमुने त्यांना घ्यावेच लागतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. त्यामुळे ‘जुलाबच आहेत, होतील बरे’ असं म्हणून ही ओळ गाळू नका. मुंबईत असाल तर 1916 वर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. बाकी शहरांत हेल्पलाइन किंवा ॲप वेगळं असेल, पण क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘आपले सरकार’वरची तक्रार लेखी उत्तर मिळवायला बरी, उद्या सकाळच्या पाण्याला तिचा उपयोग नाही.

नमुना कुणी, कधी घेतला

इथे बहुतेक प्रकरणं फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जीवाणू तपासणीचा नमुना घ्यायची शास्त्रीय पद्धत अशी: तोटी पुसायची, ज्योतीने तापवायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटली भरायची. बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मारतं, म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जीवाणू मारत बसत नाही. बाटली बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचायला हवी. ही पद्धत बरोबरच आहे. फक्त तुमचा दोष नेमका त्या पहिल्या मिनिटांत आहे, आणि पद्धत तीच मिनिटं ओतून देते. त्यात नमुना घेणारा कर्मचारी साडेसातला आला तर बाटलीत उत्तम पाणी जातं, अहवाल ‘पिण्यास योग्य’ येतो आणि तक्रार बंद होते. कुणी खोटं केलेलं नसतं.

म्हणून लेखी मागा: दोन बाटल्या, एक पाणी सुटल्याबरोबर आणि एक अर्ध्या तासाने, दोन्हींवर वेळ लिहून. कर्मचारी पहाटे येणार नसेल तर बाटल्या आदल्या दिवशी आणा आणि भरून सात-आठपर्यंत पोचवा. घरची बाटली चालत नाही. अहवालात बघायचं ते एवढंच: 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय किंवा उष्णतासह कोलिफॉर्म (दोन्ही मैला मिसळल्याची खूण असलेले जीवाणू) आढळता कामा नयेत. एक जरी आढळला तरी पाणी अयोग्य. ‘थोडेच आहेत’ असं काही नसतं.

तोपर्यंत काय प्यायचं

पाणी सुटल्यावर पहिला अर्धा तास तळटाकीत घेऊ नका. बॉलकॉकच्या आधी टी-जोड आणि तोटी लावून ते पाणी बागेला किंवा जिने धुवायला काढा. बहुतेक सोसायट्यांत एवढ्यानेच टाकी वाचते. हा उपाय मलमपट्टीचा आहे, पण दुरुस्तीला तीन आठवडे लागणार असतील तर हाच कामाला येतो.

पिण्याचं पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. दहा मिनिटं उकळून गॅस जाळायची गरज नाही. थंड करून झाकलेल्या भांड्यात ठेवा, ओगराळ्याने काढा. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. यूव्ही फिल्टर गढूळ पाण्यात कमी पडतो, कारण किरण गाळाच्या कणांआड पोचत नाहीत. टँकर मागवलात तर त्याच्याही पाण्याची ओटी टेस्ट करा. टँकरचा पाइप जमिनीवर लोळून येतो, हे विसरू नका.

तळटाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची असेल तर माप असं: पाणी स्वच्छ दिसत असेल तर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम. टाकी 5 बाय 3 मीटर आणि पाणी 2 मीटर म्हणजे 30,000 लिटर, त्याला 75 ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरची निवळ तेवढी टाकीत ओता. किमान अर्ध्या तासाने तपासा, 0.5 च्या आसपास यायला हवा. शून्यच राहिला तर पावडर जुनी आहे किंवा पाणी फार घाण आहे. ताज्या पावडरीत क्लोरीन 25 ते 33 टक्के असतो, उघड्या पोत्यात दमट हवेत तो महिन्या-दोन महिन्यांत झपाट्याने उतरतो. वॉचमनच्या खोलीत वर्षभर पडलेली पावडर म्हणजे निव्वळ चुना.

आता टाकी

दुरुस्ती झाली, दोन दिवस पहिल्या मिनिटाला 0.2 च्या वर आलं, की मग टाक्या धुवा. आधी तळटाकी, मग पाण्याच्या नळ्या, मग गच्चीवरची. गाळ उपसा, भिंती ब्रशने घासा, आणि 20 लिटर पाण्यात 16 ग्रॅम टीसीएल (25 टक्के धरून) कालवून निवळीने भिंती, तळ, छत ओलं करा. अर्धा तास ठेवा, धुवा, ते पाणी बाहेर टाका. ॲसिड मारून आधी डाग काढायचा मोह टाळा. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद टाकीत तो जीव घेतो. आत माणूस उतरवण्याआधी दोन्ही झाकणं बराच वेळ उघडी ठेवा, पंखा लावा, आत डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप चालवू नका. वर एक माणूस कायम हवा, आणि आतल्याच्या कमरेला दोरी.

टाकी रिकामी असताना दोन गोष्टी बघून घ्या, एरवी दिसत नाहीत. एक, भिंतीतून आत झिरपणारी ओल. ड्रेनेजचा चेंबर ज्या बाजूला आहे त्या भिंतीकडे खास लक्ष द्या. दोन, ओव्हरफ्लोचा पाइप कुठे जातो. तो थेट गटारात किंवा चेंबरमध्ये सोडलेला असेल, तर चेंबर तुंबल्या दिवशी पाणी उलट टाकीत येतं. तो जमिनीच्या वर, उघड्यावर, जाळी लावून संपला पाहिजे. तुमच्याकडे वास फक्त पहिल्या पंधरा मिनिटांत असल्याने हे तुमचं आजचं दुखणं नसावं, पण पावसाळ्यात चेंबर भरले की फिटर जे आज बोलला ते तेव्हा खरं ठरेल.